वाचकांचे प्रश्न : ना डॉक्टर, ना इंजिनिअर?

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये बी.ई. झाली. आयटीतली नोकरी हातात होती, ती सोडून तिला बायोमेडिकल इमेजिंगमध्ये एम.टेक. आणि जमल्यास पुढे पीएच.डी. करायची आहे. तिचे मामा म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या. डॉक्टर तिला डॉक्टर मानणार नाहीत आणि इंजिनिअर इंजिनिअर." आम्ही काय करावं?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे हेच वाक्य आत्यानं म्हटलं होतं. त्याआधी मी 'ईएनटीसी', म्हणजे तुमच्या मुलीचंच इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, करतेय म्हटल्यावर तिनं मला आपला दुखरा कान दाखवला होता, ते वेगळंच.

मामांची शंका अगदीच खोटी नाही. फिजिऑलॉजीचा एक पेपर, इमेज प्रोसेसिंगचा एक पेपर आणि दोन वर्षांत हॉस्पिटलची पायरीही चढलेली नाही, अशी मुलं मला मुलाखतींत भेटतात. पण नीट शिकवलं तर काय होतं, हे सांगायला माझी फजितीच सांगते.

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी मी मेंदूच्या एमआरआय प्रतिमांमधला नॉइज काढत होते. प्रतिमा रवाळ दिसायच्या. मी 5 बाय 5 चा मीडियन फिल्टर लावला. म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूचे धरून 25 पिक्सेल घ्यायचे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रांगेत उभे करायचे आणि मधल्याची, 13 व्याची, किंमत तिथं ठेवायची. चित्र लोण्यासारखं मऊ झालं. मी खूश, माझे इंजिनिअरिंगचे गाईडही खूश.

दर गुरुवारी आम्हाला हॉस्पिटलच्या रिपोर्टिंग रूममध्ये बसायची सक्ती होती. तिथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आधीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी शेजारी लावल्या, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "छान दिसतंय गं. पण ठिपके कुठं गेले?"

"कुठले ठिपके?"

त्यांनी पेनच्या टोपणानं दाखवले. चार काळे ठिपके, जेमतेम 3 पिक्सेल रुंद. मेंदूत कधीतरी झिरपलेल्या रक्तातल्या लोहाच्या त्या खुणा. वयस्कर पेशंटला रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही, हे ठरवताना डॉक्टर या खुणांचाही विचार करतात. आता हिशेब बघा : 3 बाय 3 म्हणजे 9 पिक्सेल. 25 जणांच्या रांगेत एका टोकाचे 9 जण मधल्या जागेपर्यंत पोचतच नाहीत. माझ्या फिल्टरनं ते ठिपके बहुमतानं पुसले होते. कोडमध्ये चूक एकही नव्हती. गुरुवारची सक्ती नसती तर माझा प्रबंध तसाच बांधून लायब्ररीत गेला असता.

त्यामुळे अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलीला गाठून विचारा. गाईड दोन असतात का, आणि त्यातला एक हॉस्पिटलमधला असतो का? आठवड्यातले किती तास तिथं जातात? मशीनवर फँटम, म्हणजे चाचणीसाठी पेशंटच्या जागी ठेवायचा द्रावण भरलेला प्लास्टिकचा डबा, स्वतः स्कॅन करायला मिळतो, की सगळं इंटरनेटवरून उतरवलेल्या डेटावरच? या शेवटच्या प्रश्नावर मुलगी हसली तर काय ते समजा.

आणि 'एक धड' तुमच्या मुलीकडे आहेच. एमआरआयचं मशीन आतून बरंचसं रेडिओ आहे. 1.5 टेस्ला ताकदीच्या चुंबकात शरीरातल्या हायड्रोजनचा सिग्नल साधारण 64 मेगाहर्ट्झला येतो, एफएम स्टेशनांच्या जरा खाली. डोक्याभोवतीची कॉइल म्हणजे अँटेना. कॉलेजात ज्यासाठी तिनं रात्री जागवल्या, तेच सगळं इथं वेगळ्या कपड्यांत भेटेल. ते सोडू नये, एवढंच. सीटी स्कॅनर बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते. ईएमआय या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर होते. पण 1 ऑक्टोबर 1971 ला पहिल्या पेशंटचा मेंदू त्या मशीननं पाहिला तो लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये, आणि तिथले रेडिओलॉजिस्ट जेम्स अँब्रोझ सोबत होते म्हणून. 1979 चं नोबेल हाउन्सफील्ड आणि सीटीचं गणित आधी मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ कॉर्मॅक यांना मिळालं. अँब्रोझ यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

व्यवहाराचं बोलायचं तर एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेत 2020 पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे. पवईच्या आयआयटीत हा विषय आहेच. शिवाय आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. चालवतात, तोही जरूर पाहा.

अमेरिकेचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण दरवर्षी कुणीतरी त्यात फसतं. तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या, एनआयएचच्या, 'टी-32' नावाच्या अनुदानावर चालणारे प्रशिक्षण कार्यक्रम वेबसाइटवर फार आकर्षक दिसतात. त्या पैशांवर नेमणूक होते ती फक्त अमेरिकी नागरिकांची किंवा ग्रीन कार्डवाल्यांची. आपल्या मुलीला तिथं जायचं असेल तर प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पातून असिस्टंटशिप, म्हणजे पगारी मदतनिसाची जागा, मिळते का, हे विचारावं. विभाग तोच, वर्गही तोच, पगाराचं खातं फक्त वेगळं.

प्रश्न : मी रेडिओलॉजीत एम.डी. करतोय. इमेजिंगच्या संशोधनात उतरावंसं वाटतं, पण गणित बारावीतच सुटलं. कितपत लागेल?
– एक निवासी डॉक्टर, नागपूर

उत्तर : डॉक्टरसाहेब, फूरिए ट्रान्सफॉर्मपासून, म्हणजे एमआरआयच्या कच्च्या डेटातून प्रतिमा बनवणाऱ्या गणितापासून, सुरुवात करा, पण पुस्तकातून नको. कधीतरी तुमच्याकडे असा स्कॅन येईल की सगळ्या प्रतिमेवर तिरप्या रेघा, विणलेल्या कापडासारख्या. तुम्ही टेक्निशियनला हाक मारून तो परत काढायला लावाल. त्याआधी दहा मिनिटं थांबा आणि त्याचा कच्चा डेटा मागा. बहुतेक वेळा त्यात एकच बिंदू वेड्यासारखा चमकत असतो. एक बिंदू बिघडला आणि रेघा मात्र अख्ख्या मेंदूवर कशा, हा प्रश्न सोडेनासा झाला की गणित आपोआप मागे लागतं. एमबीबीएस झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या बाजूला आणणारा अभ्यासक्रम खरगपूरच्या आयआयटीत आहे. पण आधी ते दहा मिनिटांचं काम करून बघा.

प्रश्न : सुनेला एमआरआयच्या लॅबमध्ये जागा मिळाली आहे. रेडिएशनची काळजी वाटते.
– एक सासूबाई, डोंबिवली

उत्तर : ताई, एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. काळजी करायची ती लोखंडाची, कारण ते चुंबक रात्री मशीन बंद दिसत असलं तरी चालूच असतं. ऑक्सिजनचं सिलिंडरसुद्धा ओढून घेतं. मी अजून दारात उभी राहून केसांतल्या काळ्या पिना मोजून काढते. अंबाड्याच्या दिवशी सहा असतात.