नुकसान कोणाच्या नावे?

"मॅडम, तुम्ही डायरी लिहायला सांगितलीत. चार दिवस लिहिली. आधी बरी होते, आता जास्तच रडू येतं. आणि वही घरात कोणाच्या हाती लागली तर?"

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. तो आला की मला श्रीवर्धनकडचे एक काका आठवतात, कारण त्यांच्या बाबतीत पहिली चूक माझीच झाली होती. त्यांना विचारूनच हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील तेवढे बदलले आहेत.

काका आले 2022 च्या थंडीत. आले म्हणजे काकूंनी आणले. मी आठवड्यातून दोन दिवस माणगावला समुपदेशनाला बसते. सकाळच्या एसटीनं दोघं आली होती. काका खुर्चीच्या अगदी टोकाला बसले, पिशवी मांडीवर. "हिला वाटतं मला वेड लागलंय. मला फक्त झोप येत नाही. गोळी देता का तुम्ही?" गोळ्या मी देत नाही म्हटल्यावर ते उठायलाच निघाले.

काकूंनी त्यांना हातानंच बसवलं. "रात्री तीनला उठतात, बॅटरी घेऊन वाडीत, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागेत जातात आणि झाडं मोजतात. उभी असलेली नव्हेत हो. पडलेली."

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, उंच आणि सडपातळ, वाऱ्यापुढे तिचा काय टिकाव लागणार? दुपारच्या दोन-तीन तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, टाळेबंदी चालू होती, मुंबईची माणसं यायला निघाली तरी येता येत नव्हतं. माडाला, पोफळीला धरायला वर्षं लागतात. पोफळीला पाच-सात तरी. साठीला टेकलेल्या माणसाला हा हिशोब बोटांवर करता येतो, आणि काका तो रोज रात्री तीन वाजता करत होते.

पिशवीत काय आहे म्हणून विचारलं, तर लाल कापडी बांधणीची वही निघाली. वाडीचा जमाखर्च. वादळाच्या दिवसाची नोंद त्यांनी स्वतःच वाचून दाखवली: "पोफळी 412, पैकी पडल्या 373. माड 61, पैकी पडले 22. गोठ्याची कौलं गेली. पंपाची खोली गेली." पुढे पंचनाम्याची तारीख, भरपाई जमा झाल्याची तारीख, झाडं तोडायला आलेल्या गड्यांची मजुरी. अक्षर मोत्यासारखं. पण त्या पाच पानांत 'वाईट वाटलं' एवढे दोन शब्दही नव्हते.

"वडलांपासून वही लिहायची पद्धत आहे आमच्यात," काका म्हणाले. "त्यांच्या वह्या मोडीत. आता घरात कोणाला वाचता येत नाहीत." मी म्हटलं, मग खरी खासगी डायरी तीच. तेव्हा पहिल्यांदा ते हसले.

हाताला लिहायची सवय असलेला माणूस पाहून मला आनंदच झाला, आणि तिथंच मी घाई केली. म्हटलं, काका, रोज रात्री झोपायच्या आधी मनात येईल ते लिहीत जा. तीन आठवड्यांनी दोघं परत आली तेव्हा काकूंचा चेहरा उतरलेला होता. आता ते दोनलाच उठत होते.

वेगळ्या वहीत बारा पानं लिहिली होती आणि बारा पानांवर तारीख सोडली तर एकच मजकूर होता. सगळं गेलं. माझ्यामुळे गेलं. वडलांनी लावलेलं माझ्या हातून गेलं. सगळं गेलं.

गुरं रवंथ करतात, पण त्यानं चारा पचतो तरी. काकांचं रवंथ नुसतंच चालू होतं, आणि रात्रीच्या वेळी ते करायला मीच बसवलं होतं त्यांना. त्या दिवशी मी आधी स्पष्ट विचारलं: जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? "नाही. पोफळीची रोपं आणून ठेवलीत, ती कोण लावणार?" म्हणाले. तरी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्तदाब तपासून घेतला, आणि काकूंना बाजूला घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. वही ही औषधाच्या जागी नसते. मन फार खचलं असेल, जगणं नको झालं असेल, तर लिहीत बसू नये, माणसाशी बोलावं. सरकारची टेली मानस ही 14416 क्रमांकाची मोफत मदतवाहिनी ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. ती मराठीतही बोलते. काकूंना तो क्रमांक मी कागदावर लिहून दिला.

मग मी त्यांना एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. 1986 साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या 46 मुलांना सलग चार रात्री पंधरा-पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगात फक्त काय घडलं ते लिहायचं होतं, काहींना फक्त काय वाटलं ते, आणि काहींना दोन्ही. उरलेल्यांनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं. पुढच्या सहा महिन्यांत, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या खेपा साधं लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. नुसती हकीकत लिहिणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. आणि लिहून उठल्या उठल्या मन हलकं झालं म्हणावं तर तसंही नाही, उलट तेव्हा जास्तच वाईट वाटत होतं. चार दिवसांत रडू आलं म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

काकांना मात्र त्यातली वेगळीच गोष्ट लागली. "म्हणजे माझ्या लाल वहीत नुसती हकीकत, आणि तुमच्या वहीत नुसतं रडगाणं."

मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. पेनेबेकरांनी नंतर अशी पानं शब्द मोजून तपासली. ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळतंय' असे शब्द वाढत गेले, त्यांना लिहिण्याचा जास्त उपयोग झालेला दिसला. त्याच त्या वाक्यापाशी घुटमळणाऱ्यांना लिहून फारसं हाती लागत नाही. हेही सांगते, की या विषयावरचे शेकडो प्रयोग एकत्र पाहिले तर सरासरी फायदा छोटाच दिसतो. डायरीनं सगळं बरं होतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण फुकटात, घरच्या घरी, वहीपेन घेऊन होणारा छोटा फायदाही सोडायचा कशाला?

तेव्हा नवा बेत ठरला. रात्री नाही, दुपारी चहाच्या आधी. पंधरा मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. फक्त चार दिवस. आधी काय झालं ते लिहायचं, मग तेव्हा काय वाटलं ते, आणि 'माझ्यामुळे' हा शब्द आला की पेन तिथंच थांबवून पुढं 'कारण' लिहायचं आणि वाक्य पुरं करायचं.

काकांनी तिसऱ्या दिवशी ते वाक्य पुरं केलं. पुढच्या भेटीत मला वाचून दाखवलं नाही, सांगितलं फक्त. वादळाच्या आदल्या वर्षी धाकटा भाऊ म्हणत होता, वाडी विकू, गिऱ्हाईक आहे, दोघांचं म्हातारपण सुखात जाईल. काकांनी वडलांचं नाव काढून त्याला गप्प केलं होतं. मग वादळ झालं. भाऊ एका शब्दानं बोलला नाही. पण टाळेबंदी उठल्यावरही गणपतीला आला नाही. तेव्हापासून काका रात्री मोजत होते ती झाडं खरं तर भावाच्या वाट्याची होती.

"वहीत जमा आणि नावे असतं," ते म्हणाले. "नुकसान मी माझ्या नावे टाकत होतो. लिहायला बसल्यावर विचार आला, वारा काय मी आणला?" थोडं थांबून म्हणाले, "पण त्याला गप्प केलं, ते माझ्याच नावे. ते खोडता येत नाही."

मीही ते खोडायला सांगितलं नाही. इतकी वर्षं एक गठ्ठा होता, त्याचे दोन भाग झाले होते. एका भागाचं ओझं उगाचच होतं. दुसऱ्या भागावर फोन करण्याजोगं काहीतरी होतं.

राहिली रात्र. झोपायच्या आधी रडगाणं बंद आणि त्या जागी उद्याच्या कामांची यादी. यामागेही एक प्रयोग आहे. 2018 साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला दिलं. निम्म्यांनी येत्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी बारीक तितकी लवकर. ती तरुण मुलं होती, काका साठीचे, तेव्हा मी काही वचन दिलं नाही. पण बारीक यादी करायला काकांना शिकवावं लागत नाही. 'पंपाचा वॉशर. खालच्या पाटातला पाला काढणे. रोठा सुपारीचं बी कोणाकडे, विचारणे.' तीन वाजता जाग येतेच अजून. "पण आता यादीत लिहिलंय म्हटलं की कूस बदलतो," म्हणाले.

आणि घरात कोणी वाचलं तर? कोकणातल्या घरात वही लपवायला जागा नसते, मला ठाऊक आहे. पेटीत ठेवली तर पेटी उघडते, गादीखाली ठेवली तर गादी उन्हात पडते. काकांची ती चार पानं काकूंनी वाचली नाहीत, कारण ती आता नाहीतच. शेवटच्या दिवशी काकांनी पानं फाडली आणि अंघोळीच्या बंबात झावळ्यांबरोबर घातली. लिहिलेलं जपून ठेवलंच पाहिजे असा नियम कोणी केलेला नाही. नातवंडांसाठी आठवणी लिहायच्या असतील तर चांगल्या वहीत लिहा आणि सगळ्यांना दाखवा, ते काम वेगळं. हे लिहिताना मात्र आपल्या पाठीमागून कोणी वाचतंय असं वाटलं की माणूस शहाण्यासारखं लिहायला लागतो, आणि मग लिहिण्यात काही राम उरत नाही. काकूंना मी इतकंच सांगितलं, की त्या पंधरा मिनिटांत चहा विचारायलाही जाऊ नका.

घाव अगदी ताजा असेल, आठ-पंधरा दिवसांपूर्वीचा, तर मी लिहायला सांगत नाही. थोडं थांबू म्हणते. जेवणखाण, झोप, आसपास माणसं, आधी तेवढं जमू दे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला काका एकटेच आले. झोपेबद्दल काही बोलायचं नव्हतं, पिशवीभर सुपारी द्यायची होती. मी खात नाही म्हटलं, तर म्हणाले, पाहुण्यांना द्या. लाल वही बरोबर होतीच. आदल्या दिवशीची नोंद मला वाचायला दिली. अक्षर तेच मोत्यासारखं.

"रोपं 11 लावली, दक्षिणेकडची ओळ. गडी एक, मजुरी दिली. कंबर धरली आहे. धाकट्याचा फोन आला, दोन मिनिटं. पावसाबद्दल बोललो. बरं वाटलं."