सनदी अधिकारी: यातली सनद कोणती?

आयएएस अधिकाऱ्यांना बातम्यांत ‘सनदी अधिकारी’ म्हणतात. ही सनद म्हणजे परीक्षा पास झाल्याचा दाखला का, असा प्रश्न आला आहे. नाही. स्पर्धा परीक्षा नव्हती तेव्हाही सनदी नोकर होतेच.

सनद म्हणजे सत्तेने दिलेला लेखी हक्क. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्या अशा. वकिलाची सनदही त्यातलीच. कंपनी सरकारची ‘सनद’ मात्र नोकराने लिहून द्यायची होती. साहेबलोक नजराण्यांवर गबर होऊ लागले, म्हणून १७६५ मध्ये क्लाइव्हने त्यांच्याकडून नजराणे न घेण्याचे करार सही करून घेतले. (पाळले किती, ते सोडा.) म्हणजे खरं तर हा मुचलका. पण ‘मुचलक्याचा कलेक्टर’ कोण म्हणणार?

करार केलेले ते सनदी, बाकीचे बिनसनदी. कलेक्टर सनदी, मामलेदार बिनसनदी. १८७१ मध्ये पुण्याला सबजज्ज म्हणून आलेले रानडेसुद्धा बिनसनदीच.

सनदी जागा आधी कंपनीच्या डायरेक्टरांच्या वशिल्याने भरत. १८५३ च्या कायद्याने ते बंद झालं आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली स्पर्धा परीक्षा झाली. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, हे पहिले हिंदी सनदी; नोकरी केली ती मुंबई इलाख्यात. १८६९ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर पास झाले, पण वय जास्त म्हणून दोघांचीही नावं काढली. घोळ मोजण्यातला होता. सुरेंद्रनाथांनी मॅट्रिकला वय सोळा लिहिलं होतं, म्हणजे आपल्या रीतीने ‘सोळावं लागलं’. साहेबाने ते ‘सोळा पूर्ण’ असं वाचलं. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि दोघंही परत यादीत आले.

पुढे सरकारी नोकऱ्यांचा विचार करायला नेमलेल्या एचिसन आयोगाच्या शिफारशींनंतर सनदी-बिनसनदी ही भाषा सरकारी कागदांतून गेली. मराठीत ‘बिनसनदी’ मेला, ‘सनदी’ टिकला. भेदही टिकलाच म्हणा: राज्यसेवेतून आलेल्या उपजिल्हाधिकाऱ्याला आजही सहसा कोणी सनदी म्हणत नाही.

‘सनदी लेखापाल’ची गोष्ट वेगळी. तिथे सनद म्हणजे चार्टर. एडिंबरोच्या हिशेबनिसांना १८५४ मध्ये राणीकडून ते मिळालं. ती मात्र अस्सल सनद.