शुगर ‘जुनी’ म्हणून क्लेम नाकारला, आता काय करायचं?

नाशिकच्या एका ताईंनी लिहिलंय: वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर, पेम्ब्रोलिझुमॅबची इंजेक्शनं चालू होती. तिसऱ्या डोसनंतर सारखी तहान, सारखी लघवी, म्हणून डेकेअरला (हॉस्पिटलात जिथे ही इंजेक्शनं देतात तो विभाग) व्हॉट्सअॅप केलं तर ‘उन्हाळा आहे, पाणी द्या’ असं उत्तर आलं. चार दिवसांनी बेशुद्ध, शुगर 580, थेट आयसीयू. आता विमा कंपनी म्हणते डायबेटिस जुनाच होता, तुम्ही लपवला. डॉक्टरांवर केस करू का?

ताई, डॉक्टरांचं थोडं थांबू द्या, आधी क्लेम, तिथे तुमची बाजू भक्कम आहे. हे औषध प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतं आणि क्वचित तीच शक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, मग धडधाकट माणसाला काही दिवसांत डायबेटिस होतो. तुम्ही पाठवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक डोसआधीची शुगर नॉर्मल आहे, आणि आयसीयूतला एचबीए१सी फक्त 6.4. अहो, तो आकडा तीन महिन्यांची सरासरी सांगतो, वर्षानुवर्षं शुगर असती आणि ती 580 पर्यंत गेली असती तर तो एवढा कमी आलाच नसता! सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी रक्ततपासणी) केलं असेल तर तोही रिपोर्ट जोडा, आणि जे एन्डोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन-डायबेटिसचे डॉक्टर) आता इन्सुलिन देतायत त्यांच्याकडून ‘औषधामुळे झालेला डायबेटिस’ असं लेखी घ्या. लपवलं हे सिद्ध करायचं काम कंपनीचं आहे, तुमचं नाही.

कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पुन्हा नकार आला तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) जा. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंत भरपाई देता येते.

आता डॉक्टर. साइड इफेक्ट झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण उपचारातले ठळक धोके आधी सांगायला हवेत, पेशंटच्या संमतीबद्दलच्या 2008 च्या समीरा कोहली निकालात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय, तेव्हा संमतीपत्रात डायबेटिसचा उल्लेख आहे का ते बघा. आणि मला खरं खटकतंय ते ‘पाणी द्या’. या औषधावरचा पेशंट तहान-लघवीची तक्रार करतो आणि साधी बोटातून शुगर कोणी बघत नाही, ग्राहक आयोगात तुमची केस असेल तर ती इथेच आहे. मुदत दोन वर्षांची. केस पेपर लेखी अर्ज देऊन मागा, 72 तासांत द्यायचा नियम आहे. आणि तो मेसेज ज्या फोनवर आहे तो फोन बदलू नका, विकू नका, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.