डे-केअरची सवलत आणि टॅक्स क्रेडिट

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीच्या डे-केअरचे महिन्याला २५० डॉलर माझी कंपनी परस्पर भरते, उरलेले हजार आम्ही. आमच्या हजारांवर २०२५चं टॅक्स क्रेडिट (मुलाच्या सांभाळाच्या खर्चापोटी करात मिळणारी सूट) मिळेल ना?

उत्तर : ताई, डब्ल्यू-२वरचा (कंपनी देते त्या वर्षभराच्या पगाराच्या फॉर्मवरचा) १० नंबरचा चौकोन बघा. तिथे वर्षाचे ३,००० असतील. एका मुलामागे क्रेडिटला धरतात तो खर्चही जास्तीत जास्त ३,०००च, आणि कंपनीची करमुक्त मदत त्यातूनच वजा होते. उरलं शून्य! या क्रेडिटचा फॉर्म २४४१ भरताना मीही एकदा कपाळावर हात मारला होता. पण हळहळू नका. २०२५ला उत्पन्न ४३,००० डॉलरच्या वर असेल तर क्रेडिट २० टक्के, म्हणजे सहाशेच मिळालं असतं. कंपनीचे तीन हजार त्याहून बरे. दोन मुलांमागे मात्र हीच खर्चाची मर्यादा ६,०००.