वाचकांचे प्रश्न : आधार, अंगठा आणि मुकादमाची उचल

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आणि भावजय ऊसतोडीला जातात. यंदा उचल देताना मुकादमाने दोघांची आधार कार्डे आणि पासबुके ठेवून घेतली, शिवाय भावजयीचे एटीएम कार्ड पिनसह घेतले. ‘उचल फिटली की परत देतो,’ असे तो सांगतो. गावी राहिलेल्या आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही, म्हणून धान्य मिळत नाही; आणि निराधार योजनेचे पैसे काढायला गेल्यावर केंद्रचालक ‘लागला नाही’ म्हणत तिला पुनःपुन्हा अंगठा दाबायला लावतो. यात आमचा काही हक्क आहे का?
— एक वाचक, ता. धारूर, जि. बीड

उत्तर : हक्क आहे, मात्र दाद मागण्याच्या जागा वेगवेगळ्या आहेत.

धान्याचे आधी पाहू. आयुष्यभर कोयता आणि खुरपे धरलेल्या हातांच्या रेषा झिजतात, हा आईंचा दोष नव्हे. आधारची पडताळणी झाली नाही म्हणून पात्र कुटुंबाचे धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्राच्या अन्न विभागाने 24 ऑक्टोबर 2017 रोजीच राज्यांना दिली आहे. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. 1967 या क्रमांकावरही तक्रार करता येते.

केंद्रचालकाच्या बाबतीत सावध राहावे, असे मला वाटते. आधारवर आधारित व्यवहारात अंगठा हीच सही असते, त्यासाठी ओटीपी लागत नाही, त्यामुळे ‘लागला नाही’ म्हणत दुसऱ्यांदा घेतलेला अंगठा दुसरी रक्कम काढू शकतो. प्रत्येक वेळी पावती मागावी, व्यवहार फसला असला तरीही, आणि पासबुक भरून घ्यावे. न केलेला व्यवहार दिसला, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवून बँकेतही लेखी तक्रार द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बायोमेट्रिक लॉकही करता येते, म्हणजे अंगठ्याने होणारी पडताळणी बंद ठेवता येते, मात्र धान्य घेताना ते तात्पुरते उघडावे लागते. आईंसाठी ही दगदग कोण करणार, हे घरी आधी ठरवावे.

आता मुकादमाकडे वळू. आधार कार्ड हा छापलेला कागद आहे. तो कोणाकडे राहिला म्हणून क्रमांक त्याचा होत नाही आणि नवी प्रत संकेतस्थळावरून काढता येते. देताना क्रमांकाचे केवळ शेवटचे चार अंक दिसतील अशीच प्रत द्यावी. एटीएम कार्डाचे मात्र तसे नाही. ज्या परिपत्रकाचा आईंना आधार मिळतो, तेच भावजयीच्या विरोधात जाऊ शकते, कारण पिन स्वतः दुसऱ्याला दिल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच मानले जाते. म्हणून कार्ड आजच बंद करावे. त्यासाठी मुकादमाची परवानगी लागत नाही, बँकेच्या क्रमांकावर खातेदाराचा एक फोन पुरतो. उचलीचा हिशेब हा पैशाचा प्रश्न आहे आणि तो वेगळा मिटवता येतो. परंतु कागदपत्रे अडकवून जोडप्याला दुसरीकडे कामाला जाण्यापासून रोखले जात असेल, तर तो प्रकार 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो आणि त्याची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

खासगीपणा हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर आलेल्या 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, नेमकी आणि बिनशर्त असावी असे म्हटले आहे. मात्र नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून संमतीसंबंधीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. शिवाय हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे, म्हणजे मुकादमाच्या मोबाइलमधील आधारचा फोटो त्यात येऊ शकतो, त्याच्या पिशवीतला झेरॉक्सचा गठ्ठा येत नाही. उपाशी घरातून उचलीच्या बदल्यात घेतलेली ‘संमती’ मुक्त मानावी का, याचे उत्तर माझ्या मते स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, परंतु त्या कायद्याची वाट पाहत बसू नये. बँक आणि तहसील या दोन ठिकाणचे अर्ज याच आठवड्यात द्यावेत, आणि बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करावी.