‘हेनेराला’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : फिलिपिन्समध्ये 1896 साली स्पेनविरुद्ध झालेल्या क्रांतीतल्या स्त्रियांवर मराठीत लिहिताना ‘हेनेराला’ (स्त्री जनरल), ‘तान्दांग सोरा’ आणि ‘लाकाम्बिनी’ यांना काय प्रतिशब्द द्यावेत? ‘सेनापतीण’ किंवा ‘रणरागिणी’ चालेल का?

‘सेनापतीण’ नको. आपला ‘-ईण’ प्रत्यय पदाला लागला की कानाला आधी बायको ऐकू येते. पाटलीण, देशमुखीण, सुभेदारीण : यांतली एकही बाई स्वतः पदावर नसते. ‘मास्तरीण’, ‘डॉक्टरीण’ यांचे दोन्ही अर्थ होतात, पण ते अलीकडचं. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही हेच झालं. जुन्या वापरात ‘हेनेराला’ म्हणजे जनरलची पत्नी. फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेत मुळात व्याकरणिक लिंग नाही, तो आणि ती दोघांनाही ‘सिया’. स्त्रीलिंगी ‘-आ’ स्पॅनिशमधून आला आणि ही क्रांती सुरू करणाऱ्या ‘कातिपुनान’ या गुप्त संघटनेच्या अस्सल तागालोग नावालाही चिकटला : पुरुष सदस्य कातिपुनेरो, स्त्री कातिपुनेरा. हेनेराला मात्र तिथल्या लोकांनी बायकोच्या अर्थातून सोडवून घेतला. लागुना प्रांतातल्या आगेदा काहाबागान यांना ‘हेनेराला आगेदा’ म्हणतात ते क्रांतिसेनेच्या जनरलांच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव आहे म्हणून. 1763 साली इलोकोस प्रांतात नवऱ्याच्या खुनानंतर बंडाचं नेतृत्व हाती घेऊन विगानला फासावर गेलेल्या गाब्रिएला सिलांग यांनाही पुढे हेच बिरुद मिळालं. त्यांना ‘सेनापतीण’ म्हटलं तर घोटाळा पुरा होईल.

‘रणरागिणी’, ‘वीरांगना’ यांनी आदर व्यक्त होतो, हुद्दा कळत नाही. सरळ ‘जनरल आगेदा लढल्या’ लिहा. मराठीचं क्रियापदच बाई दाखवतं, नामाला प्रत्ययाची गरज नाही.

‘तान्दांग सोरा’ची अडचण वेगळी आहे. ‘मातान्दा’ म्हणजे वयस्क, त्यातला ‘तान्दा’, पुढे जोडणारा ‘ङ्’, आणि सोरा हे मेल्चोरा आकिनो यांच्या नावाचं लाडकं रूप. शब्दशः ‘म्हातारी सोरा’ होईल, पण मराठीत ‘म्हातारी’ नावामागे लावणं उर्मट वाटतं, तागालोगमध्ये तो मान आहे. मी ‘सोराआजी’ म्हणेन. पहिल्यांदा मूळ नाव द्या, मग खुशाल आजी म्हणा.

या आजींबद्दल लिहिताना एक विनंती. ‘क्रांतिकारकांना जेवू घालून हातभार लावला’ असं वाक्य हमखास येतं. हातभार लावायचा तो दुसऱ्याच्या कामाला. मेल्चोरा आकिनो तेव्हा 84 वर्षांच्या होत्या. मनिलाजवळच्या बालिन्तावाकच्या परिसरात त्यांचं छोटं दुकान होतं. तिथे भुकेल्यांना त्या जेवू घालत, जखमींची मलमपट्टी करत. स्पॅनिश सरकारने त्यांना पकडून थेट गुआम बेटावर हद्दपार केलं आणि 1903 पर्यंत त्यांना परत येता आलं नाही. ज्या कामाला राज्यकर्त्यांनी राजद्रोह मानलं त्याला आपण हातभार म्हणून हलकं का करायचं? ‘क्रांतीत भाग घेतला’ म्हणा.

राहिला ‘लाकाम्बिनी’. ‘लाकान’ हा जुन्या तागालोग सरदारांचा किताब, त्याचं हे स्त्रीरूप. संघटनेचे प्रमुख आन्द्रेस बोनिफासियो यांच्या पत्नी ग्रेगोरिया दे हेसूस यांचं ते संघटनेतलं नाव. ‘राणीसाहेब’ केलंत की त्या पुन्हा नुसत्या बोनिफासियोंच्या पत्नी उरतात. त्यांनीच आठवणींत लिहून ठेवलंय : झडती येणार अशी कुणकुण लागली की कागदपत्रं, हत्यारं आणि शिक्का गोळा करायचा, घोडागाडी मागवायची आणि न जेवताच बाहेर पडायचं. मनिलातल्या तोन्दोचा किनारा, बिनोन्दोचे रस्ते, असं मध्यरात्रीपर्यंत फिरत राहायचं. कागद सापडले असते तर त्यांतल्या नावांची माणसं पकडली गेली असती.

या कामाला मराठीत जुना, भारदस्त शब्द आहे : दफ्तरदार. ‘लाकाम्बिनी’ तसाच ठेवा आणि पुढच्या वाक्यात लिहा, ‘ग्रेगोरिया कातिपुनानच्या दफ्तरदार होत्या.’ ‘दफ्तरदारीण’ नको, कारण वर सांगितलंच आहे.