उंच पोरगा आहे म्हणून त्याला सेंटरलाच उभा करावा का?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोरेगाव तालुक्यातल्या शाळेचा सतरा वर्षांखालील मुलांचा बास्केटबॉल संघ तुम्ही बांधताय, जिल्ह्याच्या स्पर्धेत सातारा-कराडच्या उंच संघांपुढे दरवर्षी हरताय, आणि उंची महत्त्वाची की पोझिशन हे ठरत नाहीये. एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'आठवीतला एक पोरगा ५ फूट ९ इंच झालाय, त्याला आत्तापासून सेंटरला पक्का केलाय, बॉल हाताळायचं काम त्याच्याकडे ठेवलेलं नाही.' हे उत्तर त्या वाक्यासाठी लिहिते आहे. (बाकी वाचणाऱ्यांसाठी: सेंटर म्हणजे रिंगच्या बोर्डाखाली खेळणारा, गार्ड म्हणजे बॉल हाताळत वर आणणारा, फॉरवर्ड ह्या दोघांच्या मधला.)

त्या पोराला बॉल द्या. आजच्या सरावापासून द्या.

मी सांगलीची. सातवीत माझी उंची ५ फूट ७ इंच होती. शाळेत मला निलगिरी म्हणायचे. प्रार्थनेच्या रांगेतून क्रीडाशिक्षकांनी मला बाहेर काढलं आणि त्याच संध्याकाळी ग्राउंडवर बोलावलं. तोवर मी बास्केटबॉल हातात घेतलेला नव्हता. सरांनी मला बोर्डाखाली नेलं, दोन्ही हात वर करायला लावले आणि म्हणाले, "इथून हलायचं नाही. बॉल आला की वरच धरायचा, खाली आणायचा नाही. गार्डला द्यायचा आणि परत इथंच." पुढची सगळी शाळा मी तेच केलं. बाकीच्या पोरी विटा मांडून त्यांच्यामधून ड्रिबल करायच्या, म्हणजे बॉल आपटत पुढे न्यायच्या, डाव्या हाताने ले-अप (धावत येऊन जवळून टाकलेला शॉट) मारायच्या, पडायच्या, गुडघे फोडून घ्यायच्या. मी बोर्डाखाली बुजगावण्यासारखी उभी. एकदा मीही विटांच्या रांगेत जाऊन थांबले, तर सरांनी शिट्टी मारून परत बोलावलं. "तुझं काम वेगळं आहे गं."

आणि आम्ही जिंकत होतो, हे विसरू नका. जिल्ह्यात आमच्यासमोर उभी राहील अशी उंचीची मुलगी दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्हती. रिबाउंड सगळे माझे. चुकलेला शॉट हातात यायचा, मी तो वरच्या वर परत टाकायचे. विभागाला कोल्हापूरला गेलो, तिथेही दोन सामने काढले. पेपरात फोटो आला. घरी कौतुक, शाळेत कौतुक, सरांच्या पद्धतीवर शिक्कामोर्तब. तेरा वर्षांच्या पोरीला कशाला शंका येईल?

नववीत माझी उंची थांबली. ५ फूट ८ इंच. ह्यात नवल काही नाही. मुलींची उंची पाळी सुरू व्हायच्या आधीच्या काळात झपाट्याने वाढते, नंतर थोडीच वाढते. लवकर वाढलेली मुलगी बरेचदा लवकर थांबते. माझ्याबरोबरच्या पोरी मागून आल्या आणि अकरावीपर्यंत त्यातल्या दोघी माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्या दोघींना ड्रिबल येत होतं.

मग राज्य संघाची निवड चाचणी. मुंबई, पुणे, नागपूरच्या पोरी आलेल्या. माझी पोझिशन विचारली, मी सेंटर सांगितलं. निवड करणाऱ्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं, शेजारी उभ्या असलेल्या सहा फुटांच्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग फॉरवर्डला खेळून दाखव. बॉल घेऊन वर ये." अर्ध्या मैदानापर्यंतसुद्धा मी पोहोचले नाही. समोरची पोरगी माझ्या डाव्या बाजूला चिकटली, कारण दोन मिनिटांत तिला कळलं होतं की माझा डावा हात चालत नाही. बॉल गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला. बाहेरून शूट करायला सांगितलं तर रिंगपर्यंत पोहोचेना, कारण बोर्डापासून चार पावलांपलीकडून मी कधी शूट केलंच नव्हतं. त्या दिवशी निवडलेल्या पॉइंट गार्डची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मुख्य गार्डची, उंची माझ्याएवढीच होती. तिला सहावीपासून बॉल हाताळायला मिळाला होता.

माझे शाळेतले सर अजून भेटतात. मागे सांगलीतल्या विश्रामबागच्या एका कार्यालयात लग्नाला भेटले. चार लोकांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही आमची. अजून दोन इंच वाढली असती तर देशाकडून खेळली असती." लोक माना डोलावतात. वयाचा मान म्हणून मी तिथे बोलत नाही, इथे बोलते. त्या काळात भारताची सेंटर होती केरळची गीतू अन्ना जोस, उंची ६ फूट २ इंच. मी दोन इंच वाढून ५ फूट १० झाले असते तर मला तिथे कोणी घेतलं असतं? आणि अमेरिकेची सू बर्ड ५ फूट ९ इंच. माझ्याहून एका इंचाने उंच. पॉइंट गार्ड म्हणून ऑलिम्पिकची पाच सुवर्णपदकं आहेत तिची, २००४ पासून सलग. त्या उंचीच्या मुलीला जगात जागा आहे, फक्त ती बोर्डाखाली नाही. माझ्यात इंच कमी पडले नाहीत सर. मला शिकवलं गेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

उंची महत्त्वाची आहे. नाही म्हणणाऱ्यांनी एकदा बोर्डाखाली सामना खेळावा. रिंग ३.०५ मीटरवर आहे आणि ती कुणासाठी खाली येत नाही. तुमचे मुख्याध्यापक पोरांना खाशाबा जाधवांचं उदाहरण देतात असं तुम्ही लिहिलंय. गोळेश्वरच्या खाशाबांबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे, पण १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं ते बँटमवेट गटात. समोरचा मल्ल त्यांच्याच वजनाचा होता. बास्केटबॉलमध्ये उंचीचे गट नसतात. हे उदाहरण ह्या खेळात पोरांना देऊ नका, पहिल्या क्वार्टरनंतर त्यांचा त्यावरचा विश्वास उडतो.

पण उंची म्हणजे पोझिशन नव्हे. अमेरिकेचा मॅजिक जॉन्सन ६ फूट ९ इंच होता आणि पॉइंट गार्ड खेळायचा. एनबीए ह्या तिथल्या व्यावसायिक लीगच्या १९८० च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात त्यांचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार दुखापतीमुळे बाहेर होता, तर हा पोरगा वीस वर्षांचा, पहिल्याच हंगामात, सेंटरच्या जागी उतरला. ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास), आणि त्याचा संघ लेकर्स विजेता. गार्डला गरज पडली तर सेंटर खेळता आलं. फक्त हात वर करून उभं राहायला शिकलेल्या सेंटरला गार्ड खेळता येत नाही. एनबीएचाच अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता, मग अचानक सहा-आठ इंच वाढला. आज तो मोठ्या अंगाचा असून बॉल घेऊन पळतो ते त्यामुळे. यानिस आंटेटोकुम्पो ग्रीसमध्ये पोरगा होता तेव्हा बॉल त्याच्या हातात असायचा. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतल्यावरही त्याची उंची वाढली, आणि २०२१ च्या अंतिम मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात त्याने ५० गुण केले. ह्या तिघांपैकी एकाला जरी आमच्या शाळेच्या ग्राउंडवर आठवीत आणला असता, तर त्याला बोर्डाखाली उभं केलं असतं.

नुसत्या उंचीने कुठवर जाता येतं तेही बघा. पंजाबचा सतनाम सिंग भामरा, ७ फूट २ इंच. २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. तरी एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. तोवर तिथे सेंटरनेही धावावं, बाहेरून शूट करावं, बाहेर येऊन गार्डला अडवावं अशी अपेक्षा झाली होती.

तुमच्या संघात मी काय करेन? आधी पोरांची उंची मोजणं बंद करेन आणि हात मोजेन. भिंतीला टेकून हात वर, खडूची खूण. ५ फूट ६ इंचाच्या एखाद्या पोराची खूण ५ फूट ९ वाल्याच्या बरोबरीला येते, आणि बोर्डाखाली कामाला येते ती खूण. मग बॉल हाताळणारे दोन, जमलं तर तीन निवडायचे. एकच गार्ड ठेवला की उंच संघ त्याच्यावर दोघे सोडतो आणि सामना तिथेच संपतो. बाकीच्यांना बॉक्स आउट शिकवा, रोज, कंटाळा येईपर्यंत. शॉट सुटला की वर बघायचं नाही, आधी आपला माणूस पाठीवर घ्यायचा. उंच पोरं आळशी असतात ह्या बाबतीत, त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं, हात वर केला की बॉल मिळतो एवढंच त्यांना माहीत. मला तरी तेवढंच माहीत होतं.

आणि पूर्ण मैदानात प्रेस, म्हणजे त्यांच्या रिंगपाशीच बॉलवाल्यावर दबाव. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो. त्यांच्या गार्डला कोपऱ्यात दोघांनी धरा, म्हणजे सुटायला तो बॉल त्यांच्या सेंटरकडे टाकेल, आणि त्या पोराला ड्रिबल येत नसेल. जिल्ह्यातल्या बहुतेक सेंटरना येत नाही. प्रेस खेळायला दम लागतो, म्हणून बाकावरचे आठवे-नववे पोरही तयार ठेवा. स्पर्धेला शॉटसाठी २४ सेकंदांचं घड्याळ आहे का हे आधी विचारून घ्या. नसेल तर आक्रमणात घाई करायची काहीच गरज नाही, दहा-बारा पास करा, त्यांच्या उंच पोराला बोर्डापासून ओढून बाहेर आणा.

इथे एक अडचण आहे. कोणीतरी तुम्हाला एनबीएतल्या २०१५ च्या गोल्डन स्टेट संघाचं उदाहरण देईल. अंतिम मालिकेत १-२ ने मागे असताना त्यांनी सात फुटी बोगटला बसवून इगुडालाला सुरुवातीला उतरवलं, सेंटरला साडेसहा फुटांच्या आसपासचा ड्रेमंड ग्रीन, आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. खरं आहे. पण ग्रीनचे पसरलेले हात सात फुटांहून जास्त भरतात, आणि एनबीएमध्ये बचावातल्या खेळाडूलाही कुणाला न अडवता बोर्डाखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. आपण फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो. तिथे हा नियम बचावाला नाही. कराडचा सहा फुटी पोरगा झोनमध्ये (माणूस न धरता जागा राखणारा बचाव) सामनाभर रिंगखाली उभा राहिला तरी रेफरी शिट्टी मारणार नाही. त्याला बाहेर काढायचा मार्ग एकच, बाहेरून शॉट पडले पाहिजेत, आणि तीन गुणांच्या रेषेवरून, ६.७५ मीटरवरून, शाळेच्या पोरांचे फार पडत नाहीत. त्यांना दोन पावलं आतून, कोपऱ्यातून मारायला शिकवा. आणि ठेंगण्या संघाची हद्दही आहेच. एनबीएच्याच ह्यूस्टन संघाने २०२० मध्ये ६ फूट ५ इंचाचा पी. जे. टकर सेंटरला खेळवला आणि लेकर्सनी त्यांना ४-१ ने घरी पाठवलं. त्या लेकर्समध्ये तोच डेव्हिस होता, मोठ्या अंगाचा गार्ड.

आमच्या सरांबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यांच्याकडे बॉल चार, त्यातले दोन गुळगुळीत झालेले, आणि पोरं तीस. पावसाळ्यात ग्राउंड ओलं, वर मुख्याध्यापकांना जिल्ह्याची ढाल दरवर्षी हवी. एवढ्यात प्रत्येक पोरीला सगळं शिकवणं अवघड होतं, हे आता मी स्वतः संध्याकाळी पोरींना शिकवते तेव्हा दिसतं. पण मी विटांच्या रांगेत येऊन थांबले होते. मला परत बोलवायला जेवढी शिट्टी लागली, तेवढ्यात चार वेळा ड्रिबल झालं असतं. ढाल शाळेच्या कपाटात आहे, आणि दोन इंचांची गोष्ट सांगून आजही माझ्या खांद्यावर हात ठेवला जातो, ह्याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

तुमचा पोरगा आठवीत आहे. मुलांची वाढ मुलींपेक्षा उशिरा होते, सोळा-सतरापर्यंत चालू राहू शकते, त्यामुळे तो ६ फूट २ इंचावर जाईल किंवा ५ फूट १० वर थांबेल, दोन्ही शक्य आहे. त्याच्या आईवडिलांची उंची विचारा, थोडा अंदाज येईल. दर दोन-तीन महिन्यांनी मोजा. सामन्यात त्याला बोर्डाखाली वापरा, वापरायलाच हवं, तुमच्याकडे दुसरा कोण आहे? पण सरावाचा पहिला अर्धा तास तो गार्डांबरोबर राहील, दोन्ही हातांनी, मान वर ठेवून. रिबाउंड घेतल्यावर त्यानेच बॉल अर्ध्या रेषेपर्यंत आणायचा, ह्या वर्षी चार बॉल जास्त गेले तरी चालेल. सतरा वर्षांखालच्या गटात तो अजून दोन-तीन वर्षं खेळणार आहे.

बाकी चौघांच्या पोझिशनची वाटणी मी करून दिलेली नाही, कारण तुम्ही त्यांची फक्त उंची लिहिली आहे. कोणाचा डावा हात चालतो, कोण दमत नाही, आणि पहिला पास कोण बघून देतो, एवढं लिहा. मग सांगते.